पाटी नसलेला फोटो

कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड फॉरमॅट करायला चार सेकंद लागतात. मेनूत जायचं, खाली खाली सरकत ‘फॉरमॅट’वर थांबायचं. कॅमेरा इंग्रजीत विचारतो, यातलं सगळं पुसलं जाईल, चालेल का? आपण ओके दाबायचं. एक बारीक पट्टी डावीकडून उजवीकडे भरत जाते. संपलं. कार्ड कोरं.

आमच्या टीममध्ये हे काम माझ्याकडे होतं आणि मला त्याचा अभिमान होता. आता ते मलाच पोरकट वाटतं, पण होता. आमच्या घराण्यात कॉलेज बघितलेली मी पहिली. वडील पगाराच्या कागदावर सही करायचे तीसुद्धा एकेक अक्षर जोडत, चित्र काढावं तशी. मी बी.ए. झाले तेव्हा त्यांनी माझ्या गुणपत्रिकेचं लॅमिनेशन करून आणलं आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. “हे सगळं इंग्रजी हिला वाचता येतं. आणि अक्षर बघा हिचं, छापल्यासारखं.” गुणपत्रिकेवर माझं अक्षर कुठे असणार? पण ते सांगायचे आणि लोक मान डोलवायचे.

नोकरी लागली ती अंधेरीच्या एका खासगी एजन्सीत. झोपडपट्टीच्या जागी इमारती बांधायच्या आधी तिथे कोण राहतं याचा सर्व्हे करावा लागतो. तो करायचं कंत्राट एजन्सीकडे होतं. आमच्या टीममध्ये तिघं. सुपरवायझर, त्यांना आम्ही सर म्हणायचो. टेप लावून झोपडीचं माप घेणारा आणि दारावर लाल रंगाने नंबर टाकणारा एकजण. आणि फोटो काढणारी व रजिस्टर लिहिणारी मी. पहिल्याच दिवशी कॅमेऱ्याने इंग्रजीत प्रश्न विचारला तेव्हा टेपवाल्याने कॅमेरा माझ्या हातात दिला. म्हणाला, “हे काय विचारतंय ते तूच बघ यार. ग्रॅज्युएट तू आहेस ना!” तेव्हापासून ओके दाबायचं काम माझं.

फोटो कसा काढायचा ते ठरलेलं होतं. दार उघडं. उंबऱ्यात घराचा मालक किंवा मालकीण उभी. दोन्ही हातांत छातीशी धरलेली शाळेतली पाटी, त्यावर खडूने घराचा नंबर. एका घराचा एक फोटो. कागदपत्रं गोळा करायला नंतर दुसरी टीम यायची, आणि ती ज्यांचा फोटो आहे अशाच घरांत जायची. कागद सांगतात की तुम्ही पूर्वी इथे राहत होता. फोटो सांगतो की आजही राहता. दोन्ही असेल तर नवीन इमारतीत खोली. एक जरी नसेल तर काही नाही.

हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी नऊ वर्षांची असताना घाटकोपरच्या डोंगरावर आमच्या दारात माझी आई अशीच पाटी धरून उभी राहिली होती आणि मी तिच्या पदराला धरून. त्या फोटोवर आम्हाला मानखुर्दला सातव्या मजल्यावर खोली मिळाली. भिंती पक्क्या, दाराला कडी, घरात संडास. मी जी काही शिकले ती त्या खोलीत शिकले.

कार्डं आमच्याकडे दोन होती. नियम होता, एक दिवस, एक कार्ड. म्हणजे गल्ल्यांची सरमिसळ होत नाही. संध्याकाळी भरलेलं कार्ड त्याच्या प्लास्टिकच्या डबीत घालून सरांच्या बॅगेत द्यायचं. ते अंधेरीला न्यायचे. तिथला ऑपरेटर फोटो कॉम्प्युटरवर उतरवायचा आणि सकाळी दोन्ही डब्या परत यायच्या. पण ऑपरेटरच्या डोक्यावर चार टीमची कामं. एखादं कार्ड उतरवायचं राहून जायचं. एकदा असं उतरवायचं राहिलेलं कार्ड मी फॉरमॅट करता करता वाचले. 

त्याच दिवशी मी टिकलीची युक्ती काढली. कार्ड भरलं की डबीवर लाल टिकली चिकटवायची. ऑपरेटरने फोटो उतरवले की त्याने टिकली काढून टाकायची. टिकली आहे, हात लावायचा नाही. टिकली नाही, फॉरमॅट करायचं. सर म्हणाले, “वा, झकास. बाकीच्या टीमना पण सांगतो.” ऑपरेटर फोनवर म्हणाला, “माझ्या कॉम्प्युटरच्या कडेला आता टिकल्यांची रांग लागलीय. लोक विचारतात, कुणाची रे?” आम्ही हसलो. पाच-सहा आठवडे सगळं व्यवस्थित चाललं.

नाहूरच्या बाजूची ती वस्ती. मार्च सरत आला होता, पत्रे तापायला लागले होते. त्या दिवशीची गल्ली लांब, चढणीची होती आणि तिच्या अगदी टोकाला मावशींचं घर. मावशी साठीच्या पुढच्या, मूळ कोकणातल्या. नवरा मिलमध्ये होता, मिल बंद झाल्यावर मुलुंडला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन. तो वारून वर्ष होत आलं होतं. मूलबाळ नाही. त्या मुलुंडलाच एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटायला जायच्या. आम्ही दाराशी पोचलो तेव्हा त्या नुकत्याच आल्या होत्या, मनगटापर्यंत पीठ.

“पाच मिनिटां थांब गो बाय,” म्हणाल्या. “अशी कशी उभी रवू?”

टेपवाला माप घेईपर्यंत त्या तोंड धुऊन, ठेवणीतलं पातळ नेसून आल्या. पाटी अशी घट्ट धरली जणू कुणी हिसकावणार होतं. मी फोटो काढला.

“डोळे मिटले काय गो माझे?”

बघितलं तर खरंच मिटले होते. मी तो फोटो पुसला आणि दुसरा काढला. दिवसभरात असे बरेच पुसले होते. कुणाची मान वळलेली, कुणाचं पोर मध्ये आलेलं. नियमाने काही अडत नव्हतं, डोळे मिटलेला फोटोही चालला असता. पण माणसाचा घरासाठी एकच फोटो असतो, तो नीट यावा असं मला वाटायचं.

दिवसाचं काम संपलं. सर आणि टेपवाला पुढे निघाले. मी कार्ड काढलं, डबीत घातलं, वर लाल टिकली चिकटवली. मावशींनी चहा टाकला होता. भिंतीवर नवऱ्याचा फोटो, हार नुकताच बदललेला. त्याखाली पिशवीत झोपडीचा जुना सरकारी फोटोपास, रेशनकार्ड, विजेची बिलं, सगळं क्रमाने लावलेलं. मला दाखवलं. फोटोपासवर दोघं नवरा-बायको, तरुण, घाबरलेले.

“फोटो झालो मा? आता काय भानगड नाय मा?” त्यांनी विचारलं. “उद्या पहाटे गावाक जातंय. तेंचा वर्षश्राद्ध. पंधरा दिवस लागतले.”

“झाला मावशी. जा निर्धास्त. कागदवाले महिन्याभराने येतील, तोवर तुम्ही परत आलेल्या असाल.”

हे वाक्य मी बोललेय. जसंच्या तसं आठवतं.

कप हातात देताना त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. सकाळची टिकली घामाने कधी गळून पडली होती, मला पत्ता नव्हता. “असा मोकळा कपाळ घेऊन फिरा नको गो. लग्नाचा चेडू तू. काय तरी लाव.” स्वतःच्या कपाळावरून हात फिरवून म्हणाल्या, “माझ्या घरात आता टिकली नाय. नायतर दिली असती.”

त्यांचं ते शेवटचं वाक्य ऐकून मला कसंतरी झालं. टिकल्यांचं पाकीट सरांच्या बॅगेत पुढे गेलेलं. हातात डबी होती. मी डबीवरची टिकली काढली आणि कपाळावर लावली. म्हटलं, खाली गेल्यावर पाकिटातली दुसरी लावू.

“आता कशी बरी दिसतंस,” मावशी म्हणाल्या.

खाली सर रिक्षा थांबवून ओरडत होते, “अगं चल ना, मीटर पडतोय!” मी धावत गेले, डबी त्यांच्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात टाकली आणि घरी निघाले. टिकली माझ्या कपाळावरच राहिली. रात्री आरशाच्या कडेला लावून झोपले.

पुढे जे झालं त्यात कुणी काही चुकीचं केलं नाही. ऑपरेटरला बॅगेत टिकली नसलेली डबी मिळाली. त्याने म्हटलं, ही झालेली आहे. परत ठेवून दिली. सकाळी दोन्ही डब्या माझ्या हातात आल्या, दोन्ही बिनटिकलीच्या. हाताला आली ती मी उघडली, कार्ड कॅमेऱ्यात घातलं. कॅमेऱ्याने नेहमीचा प्रश्न विचारला. आधी एकदा कार्ड चाळून बघायचं, हे मी सुरुवातीला करायचे. टिकली आल्यापासून सोडून दिलं होतं. ओके दाबलं. पट्टी भरत गेली. मग आम्ही पुढच्या गल्लीत गेलो आणि दुपारपर्यंत त्याच कार्डावर चाळीसेक फोटो काढले.

तीन वाजता ऑपरेटरचा फोन. “कालची गल्ली कुठंय गं? मला फोल्डर मिळत नाहीये.”

मी दगडावर बसले. टेपवाल्याने पाणी दिलं. सर म्हणाले, “वाट लावलीस ना तू.” आणि लगेच, “रडून काय उपयोग? चल ऊठ. कॅमेरा बंद कर. आता एकही फोटो काढायचा नाही.”

अंधेरी स्टेशनच्या बाजूला एका गाळ्यात डेटा परत काढून देणारा बसायचा. सर मला घेऊन गेले. त्याने कार्ड लावलं आणि समजावून सांगितलं. फॉरमॅट केलं म्हणजे फोटो जात नाहीत, फक्त कुठे काय आहे याची यादी जाते. खरा घात नंतर होतो. वर नवे फोटो काढले की ते जुन्यांच्या जागेवर बसतात. ते कायमचे गेले.

“आणि तुम्ही मधले मधले फोटो डिलीट करत होता ना?” त्याने विचारलं.

“हो. खराब आलेले.”

“त्या रिकाम्या जागेत पुढचा फोटो तुकड्या-तुकड्यांत बसतो, मॅडम. ते तुकडे आता एकमेकांना सापडत नाहीत.”

दोन तास लागले. गल्लीच्या सुरुवातीचे चाळीसेक फोटो गेलेले. उरलेले बहुतेक धड आले. आणि सगळ्यात शेवटी, मावशी. पत्र्याची वळचण आली, दाराची चौकट आली, नीट विंचरलेले केस आले. उघडे डोळे, हनुवटी, गळा. गळ्याखाली राखाडी. सपाट, रंग फासल्यासारखं. पाटी त्या राखाडीत गेली होती. दारावरचा लाल नंबर टेपवाल्याने कमरेएवढ्या उंचीवर टाकलेला, तोही गेला.

“ह्याचं खालचं काही होईल?” मी विचारलं.

“आहे ते एवढंच.”

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा त्या गल्लीत गेलो. लोकांनी शिव्या घातल्या. “परवा काय कॅमेऱ्यात डोळे झाकून बघत होतीस काय?” पण ज्यांचे फोटो गेले होते ते सगळे आले, पुन्हा पाट्या धरल्या. कुणाला कामावरून बोलावून घेतलं, कुणी अर्धा दिवस रजा टाकली. गल्लीच्या टोकाला मावशींच्या दाराला कुलूप. शेजारणीने तीन-चारदा फोन लावून पाहिला. “गावात रेंज नसते त्यांच्या. वाडीच्या वर चढून आल्या तरच लागतो.”

गल्लीचं रजिस्टर त्याच संध्याकाळी जमा करायचं होतं. चहाच्या टपरीवर बसून सर म्हणाले, “त्या शेवटच्या घराला बंद लिही.”

“सर, त्या होत्या. आपण चहा… मी चहा प्यायलेय तिथे.”

“मग फोटो दे.”

“अर्धा आहे ना.”

“पाटी नाही त्यात. कुठल्याही दाराचा असू शकतो. आणि जोडला तर पहिला प्रश्न, उरलेला अर्धा कुठाय? मग आख्खी गल्ली कशी उडाली ते निघणार. कंत्राट जाईल, तुझी नोकरी जाईल, माझी जाईल. माझी पोरगी दहावीला आहे.” मग जरा खालच्या आवाजात, “परत आल्यावर त्या अर्ज करतील गं. सुनावणी असते. तिथे होऊन जातं सगळं. लिही. तीन वेळा गेलो, तीन वेळा बंद. नियमात तीन लागतात.”

बंद दारापाशी आम्ही एकदाच गेलो होतो. मी तीन तारखा लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे ‘दार बंद’. टपरीचं टेबल डगमगत होतं, तरी अक्षर नेहमीसारखंच आलं. छापल्यासारखं. अर्धा फोटो मात्र मी आधीच माझ्या मोबाइलमध्ये घेऊन ठेवला होता. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

महिन्याभराने कागदवाली टीम गेली आणि मावशींचं दार वगळून पुढे सरकली. मग यादी लागली. मावशींच्या नावापुढे ‘अपात्र, सर्वेक्षणाच्या वेळी दार बंद’. त्यांनी अर्ज केला, सुनावणी लागली. एजन्सीतर्फे सर जाणार होते, रजिस्टर दाखवायला मी.

सुनावणीच्या दिवशी मावशी मला बघून हसल्या. अगदी मनापासून. सोबत आलेल्या पुतण्याला कोपराने ढोसून म्हणाल्या, “हीच ती. आता काय काळजी नाय.”

टेबलाच्या पलीकडे एक मॅडम होत्या. त्यांनी फाइल उघडली. “आजी, सर्वेक्षणाला तीनदा माणसं आली, तुम्ही घरी नव्हता.”

“होतंय मॅडम. ह्या चेडवान माझो फोटो काढल्यान. दोनदा काढल्यान, माझे डोळे मिटले म्हणान. मी चाय दिलंय. हिच्या कपाळाक टिकली नव्हती, मीच सांगितलंय लाव. लाल टिकली लावल्यान तेव्हा. विचारा तिका.”

कुणीतरी हसलं. मॅडमही हसल्या, वाईट हेतूने नाही. “आजी, टिकलीवर खोली मिळत नाही.” मग माझ्याकडे वळल्या. “तुम्ही होता का त्या दिवशी? काय झालं होतं?”

सर माझ्याकडे बघत नव्हते. ते समोरच्या पंख्याकडे बघत होते. माझ्या पर्समध्ये मोबाइल होता, मोबाइलमध्ये फोटो होता. घरी वडिलांचं काम सुटलेलं, धाकट्या भावाची फी माझ्या पगारातून जाणार होती. ही कारणं आहेत. मी ती लिहितेय कारण ती होती, त्यांनी माझी चूक कमी होते म्हणून नाही.

मी म्हणाले, “रजिस्टरमध्ये दार बंद आहे, मॅडम.”

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. असं वाक्य करायला शिक्षण लागतं. माझ्या आईला जमलं नसतं.

मावशींनी काही आरडाओरडा केला नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, एखाद्या ओळखीच्या माणसासारखा दिसणारा भलताच माणूस निघावा तशा. पुतण्या त्यांना दंडाला धरून बाहेर घेऊन गेला.

आठ महिन्यांनी कंत्राट संपलं आणि माझी नोकरीही. मी बाणेदारपणे राजीनामा वगैरे दिला नाही, हे सांगितलेलं बरं. मानखुर्दजवळ एका शाळेच्या ऑफिसात दुसरी नोकरी लागली, पहिला पगार झाला, आणि मग मी नाहूरला गेले. वस्ती पाडलेली. पत्र्याचं कुंपण, आत यंत्रं. पानवाल्याने पुतण्याचा पत्ता दिला.

मुलुंडला चाळीतली एक खोली, पुतण्या, त्याची बायको, दोन मुलं. मावशींचं अंथरूण स्वयंपाकाच्या ओट्याखाली गुंडाळून ठेवलेलं. नवऱ्याचा फोटो त्या वळकटीवर उभा टेकवलेला, हार नव्हता. मी दारातच उभी राहून सगळं सांगितलं. टिकलीचं, कार्डाचं, टपरीवरच्या तीन तारखांचं. पुतण्या उठून अंगावर आला. “आता सांगतेस? तेव्हा जीभ झडली होती काय तुझी?” त्याचं बरोबर होतं.

मावशींनी वळकटीवरचा फोटो सरळ केला. मग म्हणाल्या, “म्हणजे मीच सांगितलंय तुका, टिकली लाव म्हणान.”

“नाही मावशी, तसं नाही. तुमचा काय संबंध…”

“मीच सांगितलंय,” त्या पुन्हा म्हणाल्या. पुतण्याच्या शिव्या मी खाल्ल्या असत्या. हे गिळता येईना.

सुनावणीचा लेखी निर्णय उशिरा आला होता, अपिलाची मुदत आता संपत आली होती. मी कोऱ्या कागदावर माझं निवेदन लिहिलं. त्या दिवशी दार उघडं होतं, बाई घरात होती, फोटो मी काढला, कार्ड माझ्या हातून पुसलं गेलं, ‘दार बंद’ ही नोंद खोटी आहे आणि ती मी केली आहे. खाली सही, सहीखाली बी.ए. अर्ध्या फोटोची मोठी प्रत काढून सोबत जोडली. सरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, “कर काय करायचंय ते. मला विचारलं तर मी नाही म्हणणार,” आणि ठेवला.

अपिलाचे साहेब शांत होते. त्यांनी सगळं वाचलं, घाई केली नाही. फोटो हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला.

“ही या बाईच आहेत, ते दिसतंय. कुठे उभ्या आहेत ते दिसत नाही.”

“मागे त्यांचं दार आहे साहेब.”

“दारं सगळीकडे असतात. तारीख काय फोटोची?”

फोटोच्या फाइलवर तारीख होती ती दुकानात डेटा परत काढल्याची. कॅमेऱ्यात तारीख कुणी कधी लावलीच नव्हती. त्या कार्डाच्या बाबतीत इतके नियम पाळले आम्ही, हे एक राहिलं.

साहेबांनी फाइलमधून रजिस्टरची प्रत काढली आणि माझ्या निवेदनाशेजारी ठेवली. दोन्ही कागद माझ्याकडे वळवले.

“हे अक्षर कुणाचं?”

“माझं.”

“आणि हे?”

“माझंच.”

“सुंदर अक्षर आहे,” ते म्हणाले. टोमणा नव्हता त्यात. “एकात तुम्ही लिहिता बंद, दुसऱ्यात लिहिता उघडं. एक काम करताना लिहिलंय, दुसरं काम सुटल्यावर. मी कुठलं खरं मानायचं?”

“दुसरं, साहेब.”

“पहिलं लिहिताना कुणी तुमचा हात धरला होता?”

टपरीवर माझा हात कुणी धरला नव्हता. “नाही.”

“आणि पहिल्या सुनावणीत तुम्ही हजर होता. तेव्हा हेच विचारलं होतं तुम्हाला.” त्यांनी पान उलटलं, वाचून दाखवलं. “‘रजिस्टरमध्ये दार बंद आहे.’ बरोबर?”

“बरोबर.”

अपील फेटाळलं. कारण म्हणून लिहिलं की एकाच व्यक्तीची दोन परस्परविरोधी विधानं आहेत आणि स्वतंत्र पुरावा नाही. निर्णयाची प्रत मीच मावशींना वाचून दाखवली, पायऱ्यांवर बसून. पुतण्या रिक्षा बघायला गेला होता.

“म्हणजे नाय,” मावशी म्हणाल्या.

“नाही.”

त्यांनी फोटो मागून घेतला. मांडीवर ठेवून बघितला. राखाडी भागावरून बोट फिरवलं, पुसून काही निघतं का बघावं तसं.

“डोळे उघडे इले पण,” म्हणाल्या. मग जरा वेळाने, “पाटी नाय, ता बराच झाला. मेल्यार भिंतीक लावूक असोच फोटो बरो.”

मी निर्णयाच्या प्रतीची घडी घातली.

“पण भिंत खंय आसा माका?” त्यांनी फोटो माझ्या हातात परत दिला. “तुझ्याकडेच ठेव. तुका भिंत आसा.”

पुतण्याने रिक्षातून हाक मारली. त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि गेल्या. गावचं घर दिरांचं आहे, तिथे फार दिवस ठेवून घेत नाहीत. मुलुंडच्या त्या ओट्याखालीच अजून झोपतात. मी अधूनमधून जाते. पुतण्याची बायको पाणी देते. मावशी माझ्या कपाळाकडे बघतात, पण आता काही म्हणत नाहीत.

फोटो आमच्याकडे मानखुर्दला कपाटात आहे. वडिलांनी लॅमिनेशन केलेली गुणपत्रिका जिथे टांगलीय, तिच्या शेजारी मी एक खिळा ठोकून ठेवलाय. गेल्या आठवड्यात आईने विचारलं, “हा खिळा कशाला गं?”

मी तिला अजून सांगितलेलं नाही.